स्विफ्टला रुंद चाकं बसवायचीत? आधी शॉकअपजवळची जागा मोजा

चाकांच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती इंच पाहिजे साहेब?" आणि बरीच मंडळी तिथंच अडकतात, कारण इंच हा खरं तर सगळ्यात सोपा भाग आहे. चाक बसणार की घासणार हे ठरतं मडगार्डच्या आत, टायर आणि शॉकअप यांच्यामधल्या बोटभर जागेत, आणि ती जागा दुकानदार बघत नाही, तुम्हालाच खाली वाकून बघावी लागते.

मी हे सगळं माझ्या स्विफ्टवर केलंय म्हणून उदाहरण स्विफ्टचंच घेतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, चाकाला थेट जोडलेले), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा बीम), ४ बाय १०० पीसीडी (चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर). बलेनो, डिझायर, आय-२०, पोलो या सगळ्यांची सस्पेन्शनची मांडणी थोड्याफार फरकाने अशीच आहे, त्यामुळे पद्धत तीच चालेल, आकडे मात्र आपापल्या गाडीचे मोजा. थार-जिमनीवाल्यांनी हे वाचून उपयोग नाही, त्यांचं सस्पेन्शनच वेगळं.

अजून एक. इथे "सस्पेन्शन मॉडिफाय" म्हणजे कापणं-वेल्डिंग करणं नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी कॅम्बर बोल्ट (चाकाचा उभा झुकाव, म्हणजे कॅम्बर, बदलणारा बोल्ट), टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरून ठेवणारा भाग), फार तर कॉइलओव्हर (उंची ॲडजस्ट होणारा शॉकअप-स्प्रिंगचा सेट), एवढ्यात काम होतं. एवढ्यात होत नसेल तर चाक चुकीचं निवडलंय असं समजा.

१. आधी कागद आणि कायदा

कंटाळवाणं आहे पण पुढे ढकलू नका. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर असलेली माहिती आणि कंपनीने मूळ दिलेली माहिती यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. वर त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-ए आलं, त्यात परवानगीबाहेरचा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा.

त्यामुळे सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते तो घेणं. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ येतो आणि वरच्याला १८५/६५ आर १५. चौदावरून या पंधरावर गेलात तर सस्पेन्शनला हातही लावावा लागत नाही आणि निम्म्या लोकांची हौस इथेच भागते. त्याच्या पुढे जायचं असेल तर आरटीओत आधी विचारा, आणि जे काय कराल ते इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आला आणि चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावताना दिसली तर तो काय लिहील हे तुम्हीच ठरवा.

फाइलमध्ये हे असू द्या:

- आरसी, इन्शुरन्स पॉलिसी आणि त्यांना पाठवलेल्या ईमेलची प्रिंट
- रिम, टायर, बोल्ट सगळ्याची पक्की जीएसटी बिलं
- काम करण्याआधीचा आणि नंतरचा व्हील अलाइनमेंटचा रिपोर्ट
- गाडीचं ओनर्स मॅन्युअल, टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचे त्याचे) आकडे बघायला

आधीचा अलाइनमेंट रिपोर्ट लोक घेत नाहीत. घ्या. नंतर गाडी एका बाजूला ओढायला लागली की मूळ आकडे काय होते हे कोणालाच आठवत नाही.

२. हत्यारं

जॅक आणि किमान दोन जॅकस्टँड (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, विटांवर तर अजिबात नाही), टॉर्क रेंच, १७ आणि १९ चे सॉकेट, व्हर्नियर कॅलिपर, एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, खडू, आणि पोरांची खेळायची क्ले. क्ले कशाला ते पुढे येईल. स्प्रिंग काढणार असाल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर, आणि तो चालवायची सवय नसेल तर ते काम गॅरेजमध्येच करून घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा तोडते, यात अतिशयोक्ती नाही.

३. आकडे समजून घ्या

टायरवरचा पहिला आकडा रुंदी (मिमी), दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास (इंच). टायरचा व्यास काढायचा सोपा हिशोब: रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास. १८५/६५ आर १५ म्हणजे साइडवॉल १२०.२५ मिमी, दोन्हीकडून २४०.५, अधिक १५ इंच म्हणजे ३८१, एकूण ६२१.५ मिमी. १९५/६० आर १५ काढला तर ६१५ येतो, म्हणजे जेमतेम एक टक्का कमी, स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवेल, चालतंय. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ म्हणजे जवळपास तोच. मूळ व्यासाच्या दोन टक्क्यांत राहा, तीनच्या वर जाऊ नका.

लोड इंडेक्स विसरू नका. १८५/६५ आर १५ वर साधारण ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. नवा टायर त्याच्या खाली नको. लो-प्रोफाइलच्या नादात ८२ वाला घेतला तर तो ४७५ किलोवर आला, आणि मागे तीन माणसं न् डिकीत गावाकडचं तांदळाचं पोतं टाकलं की कळेल.

आता मुख्य गोष्ट, ऑफसेट. रिमच्या मागे ईटी ४५, ईटी ४० असं कोरलेलं असतं. रिमच्या मधोमध रेषा मारली तर हबला (चाक ज्यावर नटांनी बसतं त्याला) टेकणारा पृष्ठभाग त्या रेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो हा आकडा. ईटी जास्त म्हणजे चाक आत, शॉकअपकडे. ईटी कमी म्हणजे चाक बाहेर, मडगार्डकडे.

एक उदाहरण करून बघू. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ईटी ४५, आणि त्यावर १८५ चा टायर (तुमचा आकडा तुमच्या रिमवरून वाचा). नवीन रिम साडेसहा इंच आणि टायर १९५. इथे एक गंमत आहे, नावात १९५ असला तरी १९५/६० आर १५ ची स्टँडर्ड फुगवट्यासकट रुंदी सहा इंच रिमवर २०१ मिमी असते, आणि रिम अर्धा इंच वाढली की साधारण ५ मिमी वाढते. म्हणजे आपला टायर झाला २०६. जुना १८५ वाला साडेपाचवर १८९. फरक १७, प्रत्येक बाजूला साडेआठ.

रिम ईटी ४० ची घेतली तर बाहेर साडेआठ अधिक ५ म्हणजे साडेतेरा मिमी जाईल, आत साडेआठ वजा ५ म्हणजे साडेतीन. हे साधारण जमण्यातलं आहे. तीच रिम ईटी २५ ची घेतली तर बाहेर साडेअठ्ठावीस मिमी! चाक मडगार्डच्या बाहेर, पावसात दारापर्यंत चिखल, आणि रस्त्यावर कोणाचंही लक्ष जाणार. ईटी ५० ची घेतली तर आत साडेतेरा, शॉकअपला टेकायची पूर्ण शक्यता.

स्वस्तातल्या रिम बहुतेक वेळा कमी ईटीच्या असतात कारण त्या कशालाही "बसतात". बसतात म्हणजे नट लागतात, एवढंच. आणि ईटी फार कमी झाला की नुसतं दिसण्याचा प्रश्न राहत नाही, चाकाचा भार बेअरिंगपासून लांब जातो, बेअरिंग लवकर आवाज करायला लागतं, एका बाजूची चाकं पाण्यात असताना ब्रेक मारला की स्टेअरिंग हातातून खेचतं. मूळ ईटीपेक्षा ५ ते ७ मिमीच्या पलीकडे बाहेर मी तरी जाणार नाही.

४. जागा मोजा, आतली आणि बाहेरची वेगवेगळी

गाडी सपाट जागेवर, स्टेअरिंग सरळ. हात घालून टायरच्या आतल्या बाजूपासून ही अंतरं बघा: शॉकअपची नळी, स्प्रिंगची खालची बशी, ब्रेकचा होस, एबीएस सेन्सरची वायर. मग स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), अँटीरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक आणि मडगार्डचं प्लास्टिक लायनर. दोन्ही बाजूंना करा, डावीकडे जागा आहे म्हणजे उजवीकडे असेलच असं नाही.

मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाक आणि शॉकअप एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे टायर आणि शॉकअपमधलं अंतर खड्ड्यात फारसं बदलत नाही. आत ५-६ मिमी मोकळे राहिले तरी पुरतात. बाहेरचं तसं नाही. मडगार्ड जागेवर आणि चाक उसळून वर येतं, त्यामुळे उभ्या गाडीला बाहेर दोन बोटं जागा दिसली तरी खंबाटकीच्या वळणावर पूर्ण लोडमध्ये ती गायब होते.

स्प्रिंगची बशी टायरच्या खांद्यापेक्षा वर आहे की खाली, हेही बघून ठेवा. वर असेल तर व्यास वाढवला की आधी तीच लागणार.

५. खरी टेस्ट, स्प्रिंग काढून

ही पायरी लोक टाळतात आणि मग हायवेवर घासल्याचा आवाज ऐकतात. शॉकअप उतरवून त्यातली स्प्रिंग काढा, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की शेवटी टेकणारा रबर) मात्र आतच ठेवा, आणि स्प्रिंगशिवाय शॉकअप परत लावा. गाडी जॅकस्टँडवर. आता नवीन चाक लावा (टायर दुकानदाराला आधीच सांगून एकच चाक ट्रायलला मागा, ओळखीचा असला तर देतो) आणि लोअर आर्मखाली जॅक लावून बंप स्टॉप टेकेपर्यंत चाक वर उचला. त्याच स्थितीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जिथं शंका आहे तिथं क्लेचा गोळा चिकटवा. चाक फिरवल्यावर चेपून उरलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजा, तीच तुमची उरलेली जागा.

मागे स्विफ्टला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत त्यामुळे काम सोपं, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडून बीम खाली केला की स्प्रिंग हातात येते. ब्रेकच्या पाइपला ताण बसत नाही ना एवढं बघा.

एवढं झालं की तुमच्या हातात दोन आकडे असतात, आत किती कमी पडतंय आणि बाहेर किती. यापुढचं सगळं या दोन आकड्यांवर.

६. पुढचा सस्पेन्शनचा बदल: कॅम्बर

स्विफ्टला पुढे कॅम्बर ॲडजस्ट करायची सोय कंपनीतून नाही. शॉकअप आणि नकल (हब धरून ठेवणारा लोखंडी भाग) दोन बोल्टनी जोडलेले असतात. त्यातल्या एकाच्या जागी लंबगोल कडीचा कॅम्बर बोल्ट घातला की चाक वरून आत किंवा बाहेर झुकवता येतं, चांगल्या बोल्टने दोन्हीकडे साधारण दीड-पावणेदोन डिग्री मिळतात. एक डिग्री आत झुकवलं की टायरचा माथा साधारण ४-५ मिमी आत येतो. मडगार्डच्या ओठाला घासत असेल तर एवढ्यावर बऱ्याचदा भागतं.

पण इथे सापळा आहे आणि गॅरेजवालेसुद्धा त्यात पडतात. या बोल्टने चाक झुकवताना शॉकअप जागेवरच राहतो आणि टायरचा माथा शॉकअपकडे सरकतो. म्हणजे बाहेर जागा मिळाली तेवढी आत गेली. आतली जागा आधीच कमी असेल तर कॅम्बर बोल्ट तुमच्या कामाचा नाही. तिथं टॉप माउंटच्या जागी कॅम्बर प्लेट लागते, ती शॉकअप आणि चाक दोघांनाही एकत्र झुकवते, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. कॅम्बर प्लेटला रबर नसलं तर खडखड आवाज येतो, आपल्या रस्त्यांवर रोजच्या गाडीत तो डोक्यात जातो, म्हणून घ्यायचीच असेल तर रबर बुशवाली घ्या.

रस्त्यावरच्या गाडीला उणे दीड डिग्रीच्या (वरून आत दीड डिग्री) पुढे नेऊ नका, टायर आतल्या कडेने झिजतो आणि वरून बघताना कळतही नाही.

शॉकअपचं भोक कानशीने लांबवून देतो असं कोणी म्हणालं तर गाडीची चावी मागून घ्या. बोल्ट घट्ट पकडून ठेवतो तो दाबामुळे, भोक मोठं केलं की खड्ड्यात बोल्ट सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो, तोही ऐंशीच्या स्पीडला. साधा हार्डवेअरच्या दुकानातला बोल्टही नको, डोक्यावर १०.९ चा शिक्का असलेला, आणि नट प्रत्येक वेळी नवा.

७. आतली जागाच कमी पडली तर

पहिला उपाय रिम बदलणं. गंभीरपणे सांगतोय, ईटी ४५ ऐवजी ४० ची रिम घेतली की आत ५ मिमी मिळाले, एक पानाही न फिरवता.

दुसरा, कॉइलओव्हर. त्याची स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा बरीच बारीक असते आणि खालची बशीही छोटी, त्यामुळे टायरच्या खांद्याजवळ चांगली जागा होते. खर्चिक आहे, आणि उंची ॲडजस्ट होते म्हणून पोरं गाडी जमिनीला टेकवतात. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात १६३ मिमी. आपल्या सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक कंत्राटदाराने कशाने मोजून केला होता ते आठवा आणि उंची मूळचीच ठेवा. शिवाय गाडी खाली केली की चाक मडगार्डच्या अजून जवळ जातं, म्हणजे ज्या कारणासाठी हे सगळं केलं तेच पाण्यात.

तिसरा उपाय स्पेसर (रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती), तो मला फारसा आवडत नाही. घ्यायचाच तर ५ मिमीच्या आत, हबच्या गोलाईवर नीट बसणारा, आणि लावल्यावर नट पकडतो किती ते मोजून. स्विफ्टचा स्टड (चाकाचा नट ज्यावर लागतो तो बोल्ट) एम १२ बाय १.२५ आहे, नट किमान दहा पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. कमी जात असेल तर लांब स्टड घाला, नाहीतर स्पेसरचा नाद सोडा. दोन स्पेसर एकावर एक लावलेले मी डोळ्यांनी बघितलेत.

स्प्रिंग कापणं, गॅसने तापवून बसवणं, लोअर आर्म वेल्डिंग करून लांब करणं, याबद्दल काय बोलायचं. नाना पेठेत काय न् कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काय, करून देणारा कुठेही भेटेल. तापवलेल्या स्प्रिंगचा आणि आर्मचा कस गेलेला असतो आणि तो बघून ओळखता येत नाही.

८. मागची बाजू

टॉर्शन बीमला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही. बीम आणि स्टब ॲक्सलच्या (मागचं चाक ज्या खुंटीवर फिरतं तिच्या) मध्ये निमुळती शिम (पातळ पत्री) घालून अर्धा-एक डिग्री मिळवता येते, पण ते काम टो (वरून बघताना चाकं पुढून आत की बाहेर वळलीत तो कोन) मोजत मोजत करणाऱ्याकडेच द्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे मागच्या मडगार्डची आत वळलेली पत्र्याची कड हीट गनने रंग गरम करून, रोलरने हळूहळू दाबणं. घाईत केलं की रंग तडकतो, तडकलेल्या जागी लगेच प्रायमर न् टचअप मारा. रत्नागिरी-मालवणकडे गाडी असेल तर हे अजिबात टाळू नका, एका पावसाळ्यात गंज चढतो.

टेस्ट मात्र माणसं बसवून करा. मागे तीन जण, डिकी भरलेली, टाकी फुल्ल.

९. जोडणी

रिमचं मधलं भोक बघा. स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा आहे आणि बाहेरच्या रिमचं भोक बहुतेक वेळा त्याहून मोठं असतं, मधल्या फटीसाठी हब रिंग लागते. ती नसली तर ऐंशी-नव्वदला स्टेअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याशी भांडत बसता. नट ६० डिग्री कोनाचेच.

लोअर आर्मचे बुशवाले बोल्ट सोडले असतील तर ते गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावर शेवटचे आवळायचे. हवेत लटकलेल्या आर्मवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे बऱ्याच गॅरेजमध्ये केलं जात नाही, समोर उभं राहून करून घ्या. न्यूमॅटिक गनने चाकाचे नट मारू देऊ नका, मॅन्युअलमधला आकडा लावून टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने.

ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर मूळ क्लिपमध्ये परत बसलीय ना, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा.

१०. अलाइनमेंट आणि पहिले पाचशे किलोमीटर

कॅम्बर हलवला की टो बदलतोच, त्यामुळे अलाइनमेंट त्याच दिवशी. कामावरून थेट अलाइनमेंटवाल्याकडे, मध्ये लाँग ड्राइव्ह नको. त्याला सांगा की आधी कॅम्बर, मग टो, आणि प्रिंट हवी. "सगळं हिरवं आलंय साहेब" एवढ्यावर उठू नका, डावा-उजवा कॅम्बर अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त वेगळा नको.

टायरच्या खांद्यावर आणि मडगार्डच्या आत खडूने पट्टा मारा. ५० ते १०० किलोमीटर चालवा, त्यात एक घाट, एक खराब रस्ता आणि पार्किंगमध्ये पूर्ण लॉक मारून गाडी वळवणं हे सगळं येऊ द्या. पट्टा कुठे पुसला गेला ते बघा. लायनर थोडं घासत असेल तर ते कापण्याऐवजी गरम करून मागे दाबा, कापलं की पावसाचं पाणी न् खडी थेट पत्र्यावर. शॉकअपवर किंवा ब्रेकच्या होसवर किंचितही खूण दिसली तर गाडी तिथेच थांबवायची, जुनी चाकं लावून परत पायरी चार.

याच वेळी चाकांचे नट पुन्हा टॉर्क करा, नवीन ॲलॉय थोडी बसते आणि नट सैल होतात. पाचशे किलोमीटरला कॅम्बर बोल्ट तपासा, बोल्टच्या डोक्यावर आणि शॉकअपवर मिळून पेंटची एक रेघ आधीच मारून ठेवली असेल तर सरकलाय का ते एका नजरेत कळतं.

पावसाळ्यात एक लक्षात ठेवा, टायर रुंद झाला की साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. एक्सप्रेसवेवर पाऊस असेल तर पूर्वीपेक्षा स्पीड कमी, आणि नक्षी ३ मिमीच्या खाली गेली की टायर बदला, कायद्याच्या १.६ ची वाट बघू नका.

मूळ रिम, मूळ बोल्ट आणि टॉप माउंट विकू नका. नावाची चिठ्ठी लावून माळ्यावर टाका. गाडी विकताना गिऱ्हाईक मूळ चाकंच मागतं, आणि पंधरा वर्षांनी री-रजिस्ट्रेशनला गाडी दाखवायची वेळ आली तर सगळं मूळचं बसवूनच जावं लागेल.